गोल्फला हिरवळ नाही, मोकळं रान लागतं

गोल्फ म्हणलं की आपल्याकडं दोनच गोष्टी ऐकायला मिळतात, एक तर हा बड्या लोकांचा खेळ, नाहीतर आधी प्यायच्या पाण्याचं बघा. पाण्याचं मला शंभर टक्के मान्य आहे. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते बघितलेल्या माणसानं गवतावर पाणी सोडा म्हणूच नये. पण गोल्फला गवत पाहिजेच असं कोण म्हणलं? लष्कराच्या छावण्यांमधल्या कितीतरी कोर्सवर (गोल्फच्या मैदानांवर) ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या जागी ब्राउन असायचे, म्हणजे होलभोवती, बॉल घालायच्या खड्ड्याभोवती, वाळू, उडू नये म्हणून थोडं तेल कालवून दाबलेली. ऑस्ट्रेलियात कूबर पेडी म्हणून गाव आहे, तिथल्या कोर्सवर गवताची काडी नाही, लोकं नकली गवताचा तुकडा सोबत घेऊन फिरतात, त्याच्यावर बॉल ठेवायचा, मारायचा, तुकडा उचलायचा आन् पुढं चालायचं. आपल्या माळावर हे का होऊ नये?

पब्लिक कोर्स काय असतो ते मी दिल्लीत अनुभवलं. लाडो सरायचा कुतुब गोल्फ कोर्स, डीडीएनं (दिल्ली विकास प्राधिकरणानं) २००० साली सुरू केलेला, देशातला पहिला पब्लिक कोर्स. मेंबरशिप नको, कुणाची ओळख नको, फी भरा आन् खेळा. तिथं कॅडीदादांनी, म्हणजे खेळणाऱ्याची बॅग उचलणाऱ्यांनी, माझा स्विंग (क्लब फिरवायची पद्धत) बघून एवढंच सांगितलं, "भैया, मारो मत, घूमो."

ज्यानं ज्वारीच्या रानात गोफण फिरवली त्याला हे लगेच कळंल. गोफणीत दंडाचा जोर नसतो, फिरकीचा असतो. स्विंगचंही तेच, मूठ आवळली की मनगटं अडकतात, क्लबचं, म्हणजे गोल्फच्या काठीचं, तोंड उघडं राहतं आन् बॉल उजवीकडं पळतो. खाली येताना आधी कंबर फिरली पाहिजे, वजन डाव्या पायावर गेलं पाहिजे, हात मागून आपोआप येतात. (डावखुऱ्यांनी सगळं उलटं धरा.)

घरच्या घरी करायचं असंल तर नांगरलेल्या मऊ रानात चुन्याची रेघ ओढा, बॉल नको, सेव्हन आयर्न (लोखंडी डोक्याचा, मधल्या अंतराचा क्लब) घेऊन रेघेवर स्विंग करा आन् माती कुठं उडाली बघा. रेघेच्या अलीकडं उडाली तर वजन मागंच राहिलंय. रेघेपासून पुढं, बॉल जायच्या बाजूला ओरखडा सुरू झाला की समजा जमलं. मी हे अजूनही करतो, मुरमाड जागेत मात्र नका करू, क्लबची वाट लागते आन् मनगटाचीही.

आपली गोल्फ खेळाडू अदिती अशोक काही लांब मारणारी नाही, तरी टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली, ब्राँझ एका स्ट्रोकनं, म्हणजे एका फटक्यानं हुकलं. आपल्या पोरापोरींच्या हातात क्लब कधी पडलाच नाही, तर त्यांच्यात काय आहे हे कळणार कसं? स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स, जिथं हा खेळ वाढला, तोसुद्धा पब्लिकच आहे, रविवारी खेळ बंद ठेवतात आन् गावातली लोकं तिथं फिरायला येतात.

तर जालना, परभणी, बीडकडं कुणाचा पडीक माळ असंल, पिकाखाली नसलेला, तर कमेंटमध्ये सांगा. तीन होलपासून सुरू करू. जुने क्लब माझ्याकडं आहेत, वाळू दाबायला रोलर लागंल.