विम्बल्डनचं गवत उंच ठेवून कोर्ट संथ केलं? तपासून पाहू

दावा असा फिरतो: ‘२००१मध्ये विम्बल्डनने गवत मुद्दाम उंच ठेवून कोर्ट संथ केलं, सर्व्ह-अँड-व्हॉली मारून टाकली आणि बेसलाइनवरच्या खेळाडूंना विजेतेपदं मिळू लागली.’ सर्व्ह-अँड-व्हॉली म्हणजे सर्व्हिस करून लगेच नेटकडे धावायचं आणि परतलेला चेंडू टप्पा पडण्याआधीच मारायचा (तो फटका म्हणजे व्हॉली); बेसलाइन म्हणजे कोर्टची मागची रेघ.

‘गवत उंच ठेवलं.’ साफ चूक. स्पर्धेत गवत ८ मिलिमीटरवर कापतात आणि ही उंची १९९५पासून तीच आहे. पीट सॅम्प्रसच्या सातपैकी पाच विजेतेपदं याच उंचीच्या गवतावरची.

‘संथ करण्यासाठीच बदल केला.’ बदललं ते बियाणं. आधी ७० टक्के पेरेनियल राय आणि ३० टक्के क्रीपिंग रेड फेस्क्यू असं दोन गवतांचं मिश्रण होतं. २००१पासून निव्वळ पेरेनियल राय. जाहीर कारण टिकाऊपणाचं: दोन आठवड्यांच्या तुडवणुकीत राय जास्त तग धरतं. पण परिणाम खेळावर झालाच, आणि दाव्यातला खरा अंश एवढाच. फेस्क्यू आडवं पसरतं, राय झुपक्याने उभं वाढतं आणि त्याखालची माती जास्त कोरडी, टणक ठेवता येते. टणक मातीवरून चेंडू उंच उसळतो. पूर्वी घोट्याजवळून सरपटत जाणारी सर्व्हिस आता परतवणाऱ्याला कमरेच्या आसपास मिळते. त्याला वेळ मिळतो, म्हणून कोर्ट संथ भासतं.

‘त्याआधी बेसलाइनवरून कोणी जिंकत नव्हतं.’ मग ख्रिस एव्हर्टची तीन आणि स्टेफी ग्राफची सात विजेतेपदं कुठे ठेवायची? १९९२मध्ये आंद्रे आगासीने बेसलाइन न सोडता अंतिम सामन्यात गोरान इव्हानिसेविचला हरवलं. बियोन बोर्गचं उदाहरण मात्र जपून द्यावं. इथे तो पहिल्या सर्व्हिसमागे बऱ्याचदा नेटवर जायचा.

‘गवतानेच व्हॉली संपवली.’ रॅकेटच्या पॉलिएस्टर तारांना यातून वगळता येत नाही. फटक्याच्या क्षणी या तारा सरकतात आणि झटकन जागेवर येतात, त्यामुळे टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला झटकन खाली आणणारी पुढच्या दिशेची फिरकी, वाढतो. जोरात मारलेला परतीचा फटका नेटवर आलेल्याच्या पायाशी बुडतो आणि व्हॉली खालून उचलावी लागते. हे हार्ड कोर्टवरही घडलं, आणि तिथे गवत नाही.

‘आता सर्व्हिसला किंमत नाही.’ २०१०मध्ये जॉन इस्नर आणि निकोला माहू याच गवतावर ११ तास ५ मिनिटं खेळले. इस्नरच्या ११३ एस (समोरच्याच्या रॅकेटला न लागता गुण देणारी सर्व्हिस), माहूच्या १०३. पाचवा सेट ७०-६८. त्या सेटमधला एकमेव ब्रेक, म्हणजे समोरच्याच्या सर्व्हिसचा गेम जिंकणं, शेवटच्या गेममध्ये.