कुंद्याच्या पुड्याला कुठला रंग?

सीमाभागात दुकानाच्या पाटीचा वाद अक्षरांपासून सुरू होतो आणि रंगापाशी येऊन अडतो. कर्नाटकात 2024 च्या कायद्याप्रमाणे पाटीवरचा 60 टक्के भाग कन्नडला द्यावा लागतो. मराठीची जागा आक्रसली, तेव्हा आमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटू लागलं की निदान रंग तरी आपला असू दे.

बेळगावच्या शहापुरात माझ्या आतेभावाचं कुंद्याचं, म्हणजे आटवलेल्या दुधाच्या मिठाईचं, दुकान आहे. नवी पाटी आणि नवा पुडा कुठल्या रंगात करायचा, यावरून घरच्या ग्रुपवर जोरात भांडण चाललंय. आप्पा म्हणतात, भगवाच पाहिजे. मार्केटिंगच्या कार्यशाळेला जाऊन आलेली धाकटी मंडळी म्हणतात, निळा घ्या, निळ्यावर लोकांचा विश्वास बसतो. पिवळं-तांबडं सुचवणाऱ्या वहिनीला तर कुणी पुढे बोलूच दिलं नाही, कारण तो कन्नड झेंडा झाला. "गिऱ्हाईक रंग बघूनच ठरवालंय की, दुकान कुणाचं ते," असं आतेभाऊ मला फोनवर म्हणाला. त्याची अडचण खरी आहे. 1 नोव्हेंबरला गावात एकीकडे राज्योत्सवाचे पिवळे-तांबडे झेंडे असतात आणि दुसरीकडे काळ्या दिनाच्या फेरीत काळे कपडे घातलेली आपली माणसं. अशा गावात रंग निवडायचा म्हणजे धंद्याचा जीव मुठीत धरूनच.

आधी कार्यशाळेचं बघू. लालाने भूक लागते, निळ्याने विश्वास वाटतो, हिरव्याने निसर्ग आठवतो, असा तक्ता सगळीकडे फिरतो. सोबत 2006 च्या एका लेखातला आकडा असतो: गिऱ्हाईक 90 सेकंदांत मत बनवतं आणि त्यातला 62 ते 90 टक्के भाग रंगाचा असतो. आकडा कितीही मोठा असला तरी कुठला रंग घ्यायचा हे त्यातून कळत नाही. त्याच वर्षी बॉटमली आणि डॉइल यांनी केलेल्या अभ्यासात निघालं ते जास्त कामाचं आहे: रोजच्या उपयोगाच्या वस्तूला निळा शोभतो, हौसेमौजेच्या वस्तूला लाल. म्हणजे रंग मालाला शोभावा लागतो. कुंदा ही विश्वासाने काढायची विमा पॉलिसी नव्हे. आणि लालाने भूक लागते हा जर नियमच असता, तर मॅकडोनाल्ड्सने 2009 मध्ये जर्मनीत लाल काढून गडद हिरवा आणायला घेतला नसता.

मी बॉनमध्ये राहतो. इथे डॉइचे पोस्ट आणि डॉइचे टेलिकॉम या दोन्ही कंपन्यांची मुख्यालयं आहेत. एकीचा रंग पिवळा, दुसरीचा मॅजेंटा. जर्मनीत राजकीय पक्षसुद्धा रंगानेच ओळखले जातात: काळा, लाल, पिवळा, हिरवा. तरी पिवळ्या टपालपेटीत पत्र टाकताना पिवळा पक्ष कुणाच्या डोक्यात येत नाही, आणि काळ्या पक्षाला मत देणारा माणूस लाल रंगाच्या श्पारकासे या बचत बँकेत बिनघोर खातं ठेवतो. तोच रंग वर्षानुवर्षं, न बदलता, प्रत्येक शाखेवर आणि प्रत्येक कागदावर वापरला, म्हणून तो त्यांचा झाला. श्पारकासेने आपल्या लालासाठी सांतांदेर बँकेशी कोर्टात झगडा दिला, आणि 2016 मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयात तो लाल त्यांच्याकडेच राहिला.

इथलं सगळंच घ्यावं असं मात्र मी म्हणणार नाही. टेलिकॉमने 2019 मध्ये लेमोनेड नावाच्या अमेरिकन विमा कंपनीला जर्मनीत गुलाबी वापरू नको म्हणून अडवलं. रंग वकिलांच्या ताब्यात गेला की लहान धंदेवाला दबतो. आमच्याकडे रंग अजून रस्त्यावर, देवळात, लुगड्यात मोकळा आहे, आणि म्हणूनच तो झेंड्यांना वाटून देताना माझा जीव तुटतो. सौंदत्तीहून यल्लम्माचं दर्शन घेऊन आलेल्या माणसाकडे जवळून बघा. कपाळावर, कानामागे, सदऱ्याच्या शिवणीत भंडारा असतो, दोन धुण्यांत जात नाही. कोल्हापूरचा असो की धारवाडचा, पिवळा तोच. हळद-कुंकू तर आमच्या आयाबायांनी झेंडा होण्याच्या किती आधीपासून लावलंय! वहिनीचं म्हणणं खोडताना हे कुणाला आठवू नये?

आप्पांचा मुद्दा जास्त गंभीर आहे. भगवा लावला नाही तर आपण मागे हटलो असं होईल, असं त्यांना वाटतं. मला उलट वाटतं. मराठी दिसायची तर ती अक्षरांत दिसली पाहिजे. कायद्याने जे 40 टक्के उरतात, त्यात ठळक, शुद्ध, लांबून वाचता येईल अशी मराठी लिहा, एक इंचही सोडू नका. ते काम रंगावर ढकललं तर भाषा पाटीवरून जाईल आणि फक्त रंग उरेल. शिवाय धंद्याच्या दृष्टीनेही ते तोट्याचं आहे. एका रांगेत पाच भगव्या पाट्या असल्या तर सहावी कुणाच्या लक्षात राहणार? वेगळं दिसतं तेच ध्यानात राहतं, हे हेडविग फॉन रेस्टॉर्फ या जर्मन संशोधिकेने 1933 मध्येच दाखवलं.

आप्पा म्हणतात, तू तिकडे बसून बोलतोस, 1 तारखेला शटर खाली ओढायला तू नसतोस. ते बरोबर आहे, आणि म्हणून शेवटचा शब्द आतेभावाचाच. मी त्याला एवढंच सुचवलंय: कढईत दूध आटून कुंद्याला येतो तो तपकिरी आणि त्याला दुधाचा पांढरा, ही जोडी घे. पाटीवर, पुड्यावर, पिशवीवर, बिलावर तीच ठेव आणि निदान दहा वर्षं बदलू नको. आपल्याकडचा 1999 चा ट्रेडमार्क कायदा रंगांच्या जोडणीलाही चिन्ह मानतो. 2003 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कोलगेटच्या लाल-पांढऱ्याला अँकरविरुद्ध संरक्षण दिलं होतं. तेव्हा नोंदणीचा अर्ज आत्ताच कर, शेजारच्याने तसाच पुडा काढायच्या आधी. आणि पुड्याच्या झाकणावर कुंदा हा शब्द मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हीकडे सारख्याच आकारात छापून घे.