‘आत्ता सिव्हिल घ्या, पुढच्या वर्षी सीएस करून घेऊ’ : कोण करून देणार?

ताईने तो मेसेज मला पाठवला आणि खाली लिहिलं, "बघ रे, उगाच टेन्शन घेत होतो आपण." भाचीचा जेईई मेनचा रँक बेताचा, तिला सीएसच (कॉम्प्युटर सायन्स) हवं आहे, आणि मध्य प्रदेशच्या तंत्रशिक्षण संचालनालयाचं, म्हणजे डीटीईचं, चॉइस फिलिंग (कॉलेज-ब्रँचची पसंतीयादी भरणं) तोंडावर आलंय. इंदूरच्या रामबागेतल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर हाच मेसेज आधीही येऊन गेला होता, तेव्हा मी गप्प बसलो. आता तो घरात शिरून एका पोरीची यादी ठरवायला निघालाय म्हटल्यावर गप्प बसवत नाही.

मेसेजचं म्हणणं असं. कॉलेज मोठं पकडा, ब्रँच कोणतीही चालेल. पहिलं वर्ष सगळ्यांना सारखंच असतं. आठच्या वर पॉइंटर (दहापैकी सरासरी ग्रेड) आणला की दुसऱ्या वर्षी सीएस पक्कं. नव्या शिक्षण धोरणाने तो विद्यार्थ्याचा हक्कच केलाय. आणि नाहीतरी सिव्हिल-मेकॅनिकल आता संपल्यात, तिथे राहायचंय कुणाला!

हक्काचं आधी निकालात काढतो. 2020च्या धोरणात शिक्षण मध्येच थांबवून परत येण्याची सोय आहे, क्रेडिट बँक आहे, मुख्य विषयासोबत दुसरा शिकायची मोकळीक आहे. मागाल ती ब्रँच बदलून मिळेल, असं त्यात कुठेही नाही. ब्रँच बदल होतो तो विद्यापीठाच्या किंवा स्वायत्त कॉलेजच्या नियमांनी, आणि जागा असली तरच. हक्क असता तर सिव्हिलचा अख्खा वर्ग दुसऱ्या वर्षी सीएसच्या बाकांवर दिसला असता.

खरं नुकसान करतो तो आठ पॉइंटर. आठ ही फार तर अर्ज करण्याची पात्रता; जागा गुणवत्ता यादीने मिळते. समजा सीएसच्या 60 जागा आहेत आणि कॉलेज 10 टक्क्यांपर्यंत बदल देतं. झाल्या 6 जागा. त्यांच्यासाठी सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, ईसी (इलेक्ट्रॉनिक्स-कम्युनिकेशन) अशा प्रत्येक वर्गातली वरची मुलं रांगेत, आणि त्यातली बरीचशी हाच मेसेज वाचून आलेली. एका विषयात एटीकेटी लागली की सहसा नाव बाद. शिवाय ज्या ब्रँचमधून निघायचं तिची संख्या ठराविक आकड्याखाली जाऊ द्यायची नाही, असाही नियम पुष्कळ ठिकाणी असतो.

मी पहिल्या वर्षाला गणित शिकवलंय. मेकॅनिकलचा एक मुलगा मिड-सेमची उत्तरपत्रिका घेऊन माझ्या टेबलाशी उभा राहायचा. कॅली-हॅमिल्टनच्या गणितात एक चिन्ह चुकलेलं, पुढचं उत्तर त्यामुळे चुकलेलं, आणि याचं म्हणणं, सर, पद्धत बरोबर आहे, एक मार्क तरी द्या. त्या एका मार्कामागे वर्षभराचा हिशोब होता. पॉइंटर आठच्या चांगला वर आला. यादी लागली, त्यात नाव नाही. पुढचं सेमिस्टर तो थर्मोडायनॅमिक्सच्या तासाला शेवटच्या बाकावर मोबाइलवर कोडिंगचे व्हिडिओ बघत बसला आणि त्याच विषयात अडकला. मुलगा हुशार होता हो. त्याला कुणीतरी वर्षभर चुकीची आशा लावून ठेवली होती.

हे एकट्यादुकट्याचं रडगाणं वाटत असेल, तर सगळ्यात मोठ्या कॉलेजांकडे बघा. आयआयटी मुंबई, आयआयटी हैदराबाद आणि आणखी काही आयआयटींनी पहिल्या वर्षानंतरचा ब्रँच बदल नव्याने येणाऱ्या मुलांसाठी चक्क बंद केला. 2023 मध्ये याच्या बातम्या देशभर छापून आल्या होत्या. कारण काय दिलं? पहिल्या वर्षाचा ताण. ब्रँच बदलायच्या नादात मुलं आल्या दिवसापासून पिसली जातात आणि बहुतेकांच्या पदरी काहीच पडत नाही. जिथे देशातली सगळ्यात तयार मुलं येतात तिथे हा अनुभव, आणि आमचा मेसेजवाला म्हणतो, आठ आणा, झालं.

मुळात सीएसची जागा रिकामी होते कधी, हा प्रश्न मेसेज लिहिणाऱ्याला पडलेलाच नाही. काउन्सेलिंगमध्ये सर्वांत आधी भरते ती हीच ब्रँच. इंदूरच्या जीएसआयटीएससारख्या 1952 सालच्या, सगळ्यांनाच हव्या असलेल्या कॉलेजात सीएस मिळालेलं पोर ते सोडून कुठे जाणार? उलट खासगी कॉलेजांचं बघा. तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईने 2024-25 पासून चांगल्या संस्थांवरची प्रवेशसंख्येची कमाल मर्यादा उठवली, आणि सीएस, एआय, डेटा सायन्सचे वर्ग भराभर वाढले. तिथे बदल सोपा असेलही, पण मग सीएस पहिल्याच दिवशी मिळतंय की! जिथे बदल सहज होतो तिथे त्याची गरज नाही, आणि जिथे गरज आहे तिथे तो सहज होत नाही. कॉलेज लेव्हल काउन्सेलिंगच्या, म्हणजे उरलेल्या जागा कॉलेज स्वतः भरतं त्या फेरीच्या, वेळी "आत्ता सिव्हिल घ्या, पुढच्या वर्षी बघून घेऊ" असं सांगणाऱ्या माणसाला स्वतःच्या सिव्हिलच्या जागा भरायच्या असतात, एवढं ताईने लक्षात घ्यावं.

पहिलं वर्ष सारखं असतं, हे बरंचसं खरं. पण बदलाची यादी निकालानंतर लागते. निकाल लांबला तर तिकडे डेटा स्ट्रक्चर्सचे तास सुरू झालेले असतात.

"संपलेल्या" ब्रँचेसबद्दल फार लिहीत नाही. यूपीएससीची इंजिनीअरिंग सेवा परीक्षा सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम या चारच शाखांसाठी होते. सीएसची शाखा तिथे नाहीच. पीथमपूरची औद्योगिक वसाहत इंदूरहून अर्ध्या-पाऊण तासावर आहे, गाड्यांच्या चाचणीचा 11.3 किलोमीटरचा ट्रॅक तिथेच आहे. मेट्रोचे खांब काय कोडिंगवाल्यांनी उभे केले?

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी, नाइलाजाने का होईना. ब्रँच बदलते, वर्षभराने क्वचित, काउन्सेलिंग चालू असताना बऱ्याचदा. जोसामध्ये (आयआयटी-एनआयटींच्या सामाईक काउन्सेलिंगमध्ये) ‘स्लाइड’ निवडलं की त्याच संस्थेतली तुमच्या यादीतली वरची ब्रँच पुढच्या फेरीत मिळू शकते. मध्य प्रदेशच्या डीटीईच्या वेळापत्रकातही अपग्रेडेशन आणि ‘इंटर्नल ब्रँच चेंज’ असतं: ज्यांनी जागा सोडल्या त्या, त्याच कॉलेजात प्रवेश घेतलेल्यांना मेरिटप्रमाणे. त्याची तारीख चुकली की संपलं. मेसेजवाल्याच्या ओळखीतल्या कुणाचं तरी असंच झालं असणार आणि पुढे गोष्ट फुगली. शिवाय 18 ते 20 जास्तीची क्रेडिट्स करून दुसऱ्या विषयात मायनर डिग्री घ्यायची सोय एआयसीटीईने ठेवली आहे; कॉलेज ती देतं का, ते आधी विचारायचं. कोडिंग शिकायचंच असेल तर इलेक्ट्रिकलमध्ये बसूनही शिकता येतं, आणि घाऊक भरती करणाऱ्या आयटी कंपन्या बहुतेक सगळ्या ब्रँचेसची मुलं घेतात.

ताई, यादी अशी करा. वर सीएस, मग आयटी, मग ईसी, जितकी कॉलेजं चालतील तितकी. त्याखाली फक्त त्याच ब्रँचेस, ज्यात पोरगी चार वर्षं कुरकुर न करता बसेल. मायनिंग तिने केवळ कॉलेजच्या नावासाठी टाकलंय, ते आजच काढा. आणि ब्रँच बदलून देतो म्हणणाऱ्याला त्याच्या कॉलेजचा छापील नियम मागा, गेल्या वर्षीच्या यादीसकट.