अडीच सुती म्हणजे आठ एमएम? टॅप खाली ठेवा

भाच्याने जुनी ब्रिटिश मोटरसायकल, बीएसए एम२०, घेतल्यापासून माझ्या फोनला विश्रांती नाही. परवा त्याने 'ब्रिटिश मोटरसायकलचे आटे ओळखायच्या सोप्या युक्त्या' नावाचा फॉरवर्ड पाठवला. खाली प्रश्न: "मामा, क्रँककेसच्या एका भोकात अडीच सुती बोल्ट नुसताच फिरतोय. यात म्हटलंय तसा आठचा टॅप मारू का?" (क्रँककेस म्हणजे इंजिनाचं खालचं कवच, अडीच सुती म्हणजे ५/१६ इंच, आणि टॅप म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, इथे आठ मिमीचं.) त्याला फोनवर "हात लावू नकोस" एवढंच सांगितलं. बाकीचं इथे लिहितो, कारण हाच मजकूर आणखी दोन ग्रुपांवर फिरताना दिसला.

पहिला दावा, 'ब्रिटिश गाडी म्हणजे सगळं व्हिटवर्थ'. व्हिटवर्थ हे आट्यांचं ब्रिटिश मानक, १८४१ चं. बीएसए, ट्रायम्फ, रॉयल एनफिल्ड ही सगळी मंडळी सायकली बनवता बनवता मोटरसायकलीत आली आणि येताना सायकलचे बारीक आटे घेऊन आली. म्हणून अशा गाड्यांवर सायकल थ्रेड भरपूर सापडतो. शिवाय अ‍ॅल्युमिनियममध्ये व्हिटवर्थ, मधूनमधून बीएसएफ (बारीक आट्यांचं ब्रिटिश मानक), विजेच्या भागांवर बीए (छोट्या स्क्रूंचं), आणि साठच्या दशकाच्या अखेरीपासून यूएनएफ-यूएनसी (युनिफाइड, बारीक आणि जाड). आणि या सगळ्या इंचांच्या राज्यात स्पार्क प्लग मात्र मिलिमीटरचा! एकाच स्टडच्या (डोकं नसलेल्या, दोन्हीकडे आटे असलेल्या बोल्टच्या) दोन टोकांना दोन वेगळे आटे असतात, केसमध्ये जाणारं टोक जाड आणि नटाचं बारीक. 'सगळं व्हिटवर्थ' म्हणणाऱ्याने असा स्टड कधी काढून पाहिलेला नसावा.

दुसरा, 'जो पाना बसला त्यावरून आटा कळतो'. नाही कळत. पाव इंच व्हिटवर्थ लिहिलेल्या पान्याचं तोंड ०.५२५ इंच, म्हणजे साधारण १३.३ मिमी असतं. पान्यावरचा आकडा तोंडाचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. तोच पाना ५/१६ बीएसएफला लागतो आणि ५/१६ सायकललाही. त्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व्हिटवर्थची डोकी एक माप लहान झाली. डोक्यावरून पाना निवडा, आटा नको. (आणि तिथे १४ चा पाना लावून कोपरे गोल करणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं.)

आता तो टॅप. (एम८ म्हणजे मेट्रिक आट्यांचं ८ मिमी माप, एम२० सारखं गाडीचं नाव नव्हे.) फॉरवर्ड म्हणतो, '५/१६ म्हणजे ७.९४, एम८ म्हणजे ८, फरक नगण्य, टॅप फिरवा आणि मोकळे व्हा'. फरक नगण्य आहे हीच तर अडचण आहे. समजा भोकात इंचाला १८ आटे आहेत. म्हणजे दर १.४१ मिमीला एक खाच. एम८ चा टॅप दर १.२५ मिमीला खाच पाडतो. पण त्याला नवीन धातू मिळतो किती? व्यासात फक्त ०.०६ मिमी. म्हणजे ज्या धातूत आधीच खाचा आहेत, त्यातच तो पुन्हा खाचा पाडणार. एक जुन्या खाचेत पडेल, पुढची उरलेल्या कड्यावर, म्हणजे दोन खाचांमधल्या उंचवट्यावर. चकलीचा तुकडा मोडावा तसे ते कडे निखळतात. बोल्ट हाताला घट्ट लागतो, टॉर्क दिला की कडे सोडून देतात, आणि हे कुठे? तर सत्तरपंचाहत्तर वर्षं जुन्या केसमध्ये, ज्याची दुसरी प्रत दुकानात मिळत नाही. असं भोक मोठं करून मूळ आट्याचंच इन्सर्ट (आतून आटे असलेली धातूची बाही) बसवतात. तेही टर्नरकडून, घरच्या ड्रिलने नव्हे.

एक कबूल करतो, नाइलाजाने: एक ब्रिटिश माप मिमीच्या मापाशी जवळपास जुळतं. ० बीएचा व्यास ६ मिमी, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १ मिमी, म्हणजे कागदावर एम६च. बीए मुळात मिलिमीटरवरच आखलेलं. पण त्याच्या आट्याचा कोन साडेसत्तेचाळीस अंश, एम६ चा साठ. आणि ल्युकास कंपनीच्या विजेच्या भागांवर सर्रास दिसणारा २ बीए ४.७ मिमीचा, तिथे एम५ चा स्क्रू शिरतच नाही.

'नट हाताने फिरला म्हणजे जुळला' याला उत्तर ब्रिटिश स्टँडर्ड ८११ मध्ये आहे, सायकल थ्रेडचं मानक. पाव इंच सायकलला इंचाला २६ आटे, कोन ६० अंश. पाव इंच बीएसएफलाही २६ च, पण कोन ५५. दोन्ही एकमेकांवर गुमान फिरतात आणि बाजू नीट टेकत नाहीत. पाव इंच व्हिटवर्थ आणि यूएनसीचंही तेच, दोन्हींना २०. अर्ध्या इंचाला मात्र १२ विरुद्ध १३, तिथे दोनतीन फेऱ्यांत अडकतं.



राहिली ओळखायची रीत. आट्यांवरून व्हर्नियरने व्यास घ्या. झिजलेला बोल्ट थोडा कमी दाखवतो. मग पिच गेज (दातेरी पानांचं मापक) उजेडासमोर धरून टेकवा, फट दिसली की ते पान नव्हे. ५/१६ ला १८ लागले तर व्हिटवर्थ किंवा यूएनसी, २२ लागले तर बीएसएफ, २४ तर यूएनएफ, २६ तर सायकल. १८ वर अडलात तर गाडीचं साल बघा. भाच्याच्या भोकात १८ निघाले, आणि एम२० चं उत्पादन ब्रिटिश मोटरसायकलींवर यूएनसी येण्याआधीच थांबलं होतं, म्हणजे ते व्हिटवर्थ.