फुगे फुगवून सीओपीडीची धाप जात नाही

‘सीओपीडीच्या रुग्णाला धाप लागते, कारण त्याच्या फुफ्फुसांचे स्नायू न वापरल्याने ढिले पडलेले असतात. रोज फुगे फुगवा, श्वास रोखायचा सराव करा. स्नायू बळकट होतील आणि इनहेलर सुटेल.’ अशा आशयाचा मजकूर सतत फिरत असतो. (सीओपीडी म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा फुफ्फुसांचा दीर्घकालीन आजार.) लोक तो काळजीपोटी पुढे पाठवतात, म्हणून त्यातलं एकेक विधान तपासायला हवं.

आधी ‘फुफ्फुसांचे स्नायू’. श्वास आत ओढणारा स्नायू फुफ्फुसात नसतोच. फुफ्फुसं स्वतःहून फुगत नाहीत. त्यांना फुगवतं ते खालचं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला पडद्यासारखा स्नायू, आणि त्याच्या मदतीला बरगड्यांमधले व मानेचे स्नायू.

‘न वापरल्याने ढिले’ हे तर साफ उलटं आहे. सीओपीडीत श्वासनलिका अरुंद होतात, हवा पुरती बाहेर पडत नाही, छातीत साठत जाते. फुगलेल्या फुफ्फुसांखाली घुमटासारखं श्वासपटल दबून सपाट होतं, त्याचे तंतू आखूड होतात. कोपर आधीच पूर्ण वाकलेलं असताना त्याच हाताने बादली वर ओढायला सांगावं, तशी त्याची गत होते. जिना चढून आलेल्या रुग्णाकडे नीट बघा. तो पुढे वाकून हात गुडघ्यांवर टेकवतो, मानेचे स्नायू ताठ उभे राहतात, आणि काहींच्या खालच्या बरगड्या श्वास घेताना बाहेर जाण्याऐवजी आत जातात. सपाट झालेलं पटल त्यांना आत खेचत असतं. हा स्नायू दिवसरात्र राबतोय, तेही अडचणीत सापडून. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीव्र सीओपीडी असलेल्यांच्या श्वासपटलाचे नमुने तपासले, तर त्यांत सहजी न थकणाऱ्या संथ तंतूंचं प्रमाण नेहमीपेक्षा जास्त निघालं.

खरी कमजोरी नसतेच असं मात्र नाही. शरीर खंगलं, स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घ्याव्या लागल्या, रक्तातलं फॉस्फेट किंवा पोटॅशियम उतरलं, की ताकद जाते. पण ती मोजावी लागते. नाकाला चिमटा, तोंडात जवळजवळ बंद नळी, आणि सगळा जोर लावून श्वास आत ओढायचा. आकडा सेंटिमीटर पाण्याच्या दाबात येतो. तो ८० किंवा त्याहून जास्त असेल तर मोठी कमजोरी सहसा नसते. श्वास किती सेकंद रोखता आला, यावरून यातलं काहीच कळत नाही.

आता फुगे. फुगा फुगवताना जोर पडतो तो श्वास बाहेर ढकलणाऱ्या, मुख्यतः पोटाच्या स्नायूंवर. त्रास आहे आत ओढण्याचा. शिवाय जोरात फुंकलं की या रुग्णांच्या नलिका आणखी मिटतात आणि हवा आतच अडकते. म्हणूनच त्यांना ओठ आवळून सावकाश श्वास सोडायला शिकवतात. आत ओढणाऱ्या स्नायूंसाठी वेगळं उपकरण असतं, श्वास घेताना ठरावीक अडथळा देणारं. हा भार मोजलेल्या ताकदीच्या निदान ३० टक्के ठेवतात. त्याने ताकद वाढते, हे खरं. पण जे आधीच नियमित व्यायाम कार्यक्रमात आहेत, त्यांचं चालण्याचं अंतर त्याने फारसं वाढत नाही. मला विचाराल तर आधी पाय चालते करा. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात ६५ चाचण्या एकत्र पाहिल्या होत्या. देखरेखीखालच्या व्यायाम-पुनर्वसनाने धाप आणि थकवा दोन्ही कमी झाल्याचं त्यात स्पष्ट दिसतं.

राहिला इनहेलर, आणि सगळ्यात घातक सल्ला हाच. नलिका रुंद करणारं औषध साठलेल्या हवेला वाट देतं. छाती थोडी रिकामी होते, दबलेल्या श्वासपटलाला हलायला जागा मिळते. म्हणजे या स्नायूचं ओझं रोज उतरवणारी गोष्टच सोडायला हा मजकूर सांगतोय, याचा मला संताप येतो. तो वाचून घरातल्या कुणी इनहेलर थांबवला असेल, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता आजच डॉक्टरांना कळवा.