मालवणात महिनाभर राहणं हाही प्रवासच : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मालवणात महिना-महिना राहून तिथूनच ऑफिसचं काम करण्याबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर आपली प्रतिक्रिया : "लॅपटॉपवाल्या साहेबांनी खिडकीत बसून पगार कमवायचा आणि त्याला प्रवास म्हणायचं! त्यापेक्षा चार दिवस रजा टाका आणि नीट फिरा. शिवाय तुमच्यामुळे गावातली भाडी वाढतात, आणि नेटचा तरी काय भरवसा?"

नेटचं मान्य. पावसात वीज गेली की राऊटर बंद, मोबाइलची रेंजही जाते. ज्याचं दिवसभर कॉलवर काम आहे त्याने जूनमध्ये तिकडे जाऊ नये.

पण साहेब कुणाला म्हणता? माझे वडील एसटीत वाहक होते. गणपतीत आणि मे महिन्यात अख्खी मुंबई कोकणात निघायची, तेव्हा त्यांची जादा गाड्यांवर ड्यूटी असायची. सहल हा प्रकार आमच्या घरी नव्हताच. घरून काम करायची मुभा मिळाली तेव्हा कुठे मला गावोगावी राहता आलं. तेव्हा प्रवास म्हणजे काय, हे मला या सुरात शिकवू नका.

आता ती चार दिवसांची रजा. तेही वर्षानुवर्षं करून झालंय. रात्रीची तुतारी एक्सप्रेस, कुडाळला उतरून मालवणची एसटी, होडीने सिंधुदुर्ग किल्ला, मग तारकर्ली, देवबाग, आणि सगळा वेळ परतीच्या तिकिटाची धाकधूक. त्या धावपळीत रापण, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून होणारी मासेमारी, एकदाही दिसली नाही. दिसणार कशी? ती समुद्राच्या आणि मासळीच्या मर्जीने लागते. होडीतून जाळं अर्धगोल सोडतात आणि दोन्हीकडचे दोर किनाऱ्यावरची माणसं ओढत राहतात. जाळं काठाला यायला तासन्‌तास जातात. रोज सकाळी तिथून चालत जाणारा ओळखीचा झाला, की एक दिवस कुणीतरी म्हणतं, या, लावा हात. हातावर दोराचे वळ घेऊन मी कामाला बसलो आहे. चार दिवसांच्या पाहुण्याला असं कोण बोलावतं?

पावसाळ्याचंही तेच. किल्ल्याची होडी बंद असते, १ जूनपासून यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी. पर्यटक म्हणतो, इथे बघायला काही नाही. त्याच दिवसांत घरमालकीण काकी डब्यातून सुके बांगडे आणि गोलमो (सुका जवळा) काढतात, आणि जेवताना वादळाच्या, बुडालेल्या होड्यांच्या गोष्टी निघतात. कार्तिकी पौर्णिमेनंतर गावोगावच्या जत्रा आणि रात्रभर चालणारे दशावतार. आज या गावात, परवा त्या गावात. रजेत त्यातला एखादा पदरात पडेल.

आणि रजा आणायची कुठून? वर्षाच्या मोजक्या सुट्ट्या आजारपणात आणि लग्नकार्यात संपतात. मी सकाळी आठला कामाला बसतो, संध्याकाळी मासळीच्या लिलावाला पोचतो. कामही होतं, गावही कळतं. खिडकी म्हणून आपण हिणवलीत ती ही.

भाड्याचं म्हणाल तर मी ज्या खोलीत राहतो ती हंगाम नसताना रिकामीच पडून असते. त्यावर इथे वाद घालत नाही.

पुढच्या वेळी जरूर लिहा, पण आधी लेख पूर्ण वाचा. आणि अनोळखी माणसाला "नीट फिरा" असं सुनावताना खाली स्वतःचं नाव लिहायचं धाडस दाखवा.