ओळखलंत का?

समोरचा माणूस तोंडभरून हसतो, 'ओळखलंत का?' म्हणतो आणि उत्तरासाठी थांबतो. या प्रश्नावर कायद्याने बंदी आणावी, या मताचा मी आहे. चेहरा नक्की पाहिलेला असतो. तो कुणाचा, एवढंच आठवत नसतं.

मानसशास्त्रात या फजितीचं नाव 'बसमधला खाटीक'. उदाहरण जॉर्ज मँडलर यांचं, १९८० सालचं. दुकानात नेहमी दिसणारा खाटीक बसमध्ये शेजारी येऊन बसतो आणि आपण कपाळ खाजवत राहतो. 'याला पाहिलंय' हे झटकन कळतं. 'कुठे' ते शोधावं लागतं, आणि त्यासाठी लागणारा सुरा, ओटा, अॅप्रन दुकानातच राहिलेलं असतं. दातांचे डॉक्टर तर आपण आडवं पडून, तेही मास्कमध्ये पाहिलेले. ते बागेत उभे भेटले तर ओळखायचे कसे?

बरं, पाहूनही आपण चेहरा पाहतोच असं नाही. सायमन्स आणि लेविन यांनी १९९८ मध्ये एक खट्याळ प्रयोग प्रसिद्ध केला. एकाने विद्यापीठाच्या आवारात वाटसरूला पत्ता विचारायचा. बोलणं चालू असताना दोघांच्या मधून एक दार वाहून न्यायचं आणि दाराआडून विचारणारा माणूसच बदलायचा. आवाज वेगळा, कपडे वेगळे. तरी १५ पैकी ८ जण नव्या माणसाला निमूट पत्ता सांगत राहिले! ज्यांच्या लक्षात आलं ते विचारणाऱ्यांच्याच वयाचे, विद्यार्थी होते. मग विचारणाऱ्यांना बांधकाम मजुरांचे कपडे चढवले, तेव्हा तशाच १२ विद्यार्थ्यांपैकी फक्त चौघांना बदल कळला. 'मजूर' एवढी नोंद झाली की डोळ्यांचं काम संपलं. हे मला विसराळूपणापेक्षा जास्त लाजिरवाणं वाटतं.

तर, उपाय. नावाच्या मागे लागू नका; चेहऱ्यावरून आधी माणसाचं काम आठवतं, नाव सगळ्यांत शेवटी येतं. हसू टिकवून त्याला मनातल्या मनात कपडे बदलायला लावा: पांढरा कोट, गणवेश, हेल्मेट. काउंटरच्या काचेमागे बसवून पाहा. 'घरचे कसे आहेत?' अजिबात नको, तो सडाफटिंग असायचा. त्यापेक्षा 'आज इकडे कुठे?' हा प्रश्न नामी, कारण उत्तरात बहुधा 'तिकडचा' पत्ता येतो.

क्वचित उत्तर येतं, 'म्हणजे? तुमच्याच वरच्या मजल्यावर राहतो की!' लिफ्टमध्ये सगळे दाराकडे तोंड करून उभे असतात, त्यामुळे ओळखीचं असलंच तर त्यांचं मागचं टक्कल. 'जरा वळता का?' असं मात्र विचारू नये.